ग्रिड खडी धरतं, उतार धरत नाही

वाचकाचं पत्र:

"आम्ही भूगावला टेकडीच्या उतारावरच्या बंगल्यात राहतो. मागच्या दारापासून खालच्या बागेपर्यंत चाळीस फूट लांब, चार फूट रुंद अशी वाट आहे. मिस्त्री म्हणाले, एवढ्यात पाच फूट उतार आहे. आधी तिथे फरशी होती. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरायचं आणि एकदा माझ्या सासूबाई घसरल्या. फरशी काढून गोटे पसरले, तर गेल्या जुलैत ते वाहून खाली शेजाऱ्यांच्या फाटकात गेले. आता एका दुकानदाराने मधाच्या पोळ्यासारखे प्लास्टिकचे ग्रिड दाखवले. 'मातीवर टाका, एकमेकांत अडकवा, खडी भरा, दोन दिवसांचं काम,' म्हणाला. पण आमची जागा सपाट नाही. मध्येच कातळ वर आलाय, पारिजातकाजवळ खड्डे आहेत, आणि खालच्या कुंपणाच्या भिंतीपासून वर तर चांगलाच चढ आहे. तिथे याच ग्रिडमध्ये हिरवळ करावी असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, सरळ काँक्रीट करून टाकू. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत आणि काठी टेकत रोज खाली फुलं आणायला जातात. काय करावं?"
– एक वाचक, भूगाव

ताई, वाट ग्रिडची होईल आणि चांगली होईल. पण दुकानदार सांगतोय तशी नाही. आणि भिंतीकडच्या चढावर ते अजिबात बसवू नका. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजी वाटली ती जागा तीच, तिच्याकडे पुढे येते.

ग्रिडची उंची असते चार-पाच सेंटिमीटर. त्याच्या घरांमध्ये खडी अडकून राहते, पायाखालून सरकत नाही. त्याचं काम एवढंच, आणि सपाट अंगणात तेवढं पुरतं. उतारावर पाणी खडीच्या वरूनही वाहतं आणि खालूनही. वरून वाहणारं डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण त्याचाच विचार करतो. तुमचे गोटे नेले ते त्यानेच, आणि ग्रिड लावलंत की ते बहुतेक थांबेल. खालचं पाणी मात्र ग्रिडमुळे वाढतं, कारण आपणच त्याला आत शिरायला वाट करून देतो. ते मुरलं तर उत्तम. नाही मुरलं तर घट्ट मुरमाच्या किंवा कातळाच्या पाठीवरून खाली खाली जात राहतं, जाताना बारीक माती सोबत नेतं आणि सगळ्यात खालच्या टोकाशी बाहेर पडायला बघतं.

हे मी धायरीला, माझ्या मावशीच्या घरी शिकले. तिच्याकडेही असाच उतार होता. एप्रिलमध्ये मी स्वतः उभं राहून काम करून घेतलं. जमीन साफ केली, कापड अंथरलं, ग्रिड अडकवलं, खडी भरली. मे महिन्यात आजूबाजूचे लोक बघायला यायचे. जुलैत मावशीचा फोन आला, "अगं, वाट खाली सरकलीय." जाऊन पाहिलं तर वरच्या टोकाला उंबऱ्यापासून वीतभर फट पडली होती आणि खालच्या टोकाला ग्रिडचे तुकडे एकमेकांवर चढून फुगले होते. मी एक तुकडा उचलला. घरांमधली खडी जागच्या जागी, धुतल्यासारखी स्वच्छ. खालचं कापड तांबड्या चिखलाने माखलेलं, बोट लावलं तर साबणासारखं बुळबुळीत. कापड वर धरलं तर त्याच्याखालून करंगळीएवढी धार चालू होती, पाऊस थांबून दोन तास होऊन गेले होते तरी. खडी हललीच नव्हती. खडीसकट सगळी वाट त्या कापडावरून घसरली होती. मावशीने मला शब्दाने बोल लावला नाही, पण उरलेला पावसाळा ती पुढच्या दाराने वळसा घालून बागेत जायची. ते मला अजून लागतं, आणि म्हणूनच हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी पाण्याचा हिशोब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पुण्याची वर्षाची सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास सांगतात ती शिवाजीनगरची. तुम्ही त्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या वाटेवर, म्हणजे तुमच्याकडे त्याहून जास्तच. २५ जुलै २०२४ला, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं त्या दिवशी, शिवाजीनगरलाच चोवीस तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. तसा दिवस धरा. तुमची वाट १६० चौरस फूट, म्हणजे १५ चौरस मीटर. तिच्यावर थेट पडणारं पाणी दीड हजार लिटर. तेवढं नीट बांधलेली वाट सहज गिळते. पण वाटेच्या वरच्या अंगाची नुसती हजार चौरस फूट जमीन जरी तिच्याकडे उतरत असेल, तरी तिच्यावर नऊ हजार लिटर पडतं आणि जमीन भिजून तृप्त झाली की त्यातलं बरंचसं वाटेवर येतं. गच्चीचा पाइप त्याच बाजूला सोडलेला असेल तर ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम वाटेचं नाहीच. पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात ना, तेच इथे. हिवरे बाजारच्या टेकड्यांवर सलग समतल चर खणले ते पाणी जोर धरायच्या आत वरच अडवायला. तुम्ही वाटेच्या ज्या बाजूला जमीन उंच आहे त्या बाजूने फूटभर रुंद, दीड फूट खोल चर घ्या. तिला निदान शंभर फुटांत एक फूट एवढा ढाळ द्या. आत जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा, तळाशी छिद्रांचा पीव्हीसी पाइप ठेवा, वर चाळीस मिलिमीटरची खडी भरा आणि कापडाची टोकं खडीवर दुमडून घ्या. गच्चीचा पाइप या चरीत सोडू नका, तो स्वतंत्र बाहेर न्या. चरीचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं का बाहेरच्या गटारात, हे ठरवायला एक साधी चाचणी करा.

फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा खणा. पाण्याने भरा, एकदा पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाभराने बघा. तासाला अर्धा इंच किंवा जास्त पाणी उतरलं तर जमीन भरवशाची. त्याहून कमी उतरलं तर मुरण्यावर विसंबू नका, पाण्याला बाहेर जायला पाइप हवाच. एकच खड्डा पुरत नाही. वर, मध्ये, खाली असे तीन घ्या, कारण आपल्या टेकड्यांवर दहा पावलांत जमीन बदलते. इथे मुरूम, तिथे कातळ आणि खालच्या अंगाला, पाणी साचतं तिथे, काळी माती. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या पायाशी तसली माती असेल तर तिथे पाणी मुरवणं म्हणजे स्वतःहून भिंतींना तडे बोलावणं. शोषखड्डा घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब हवा. सेप्टिक टँकपासून आणि कुंपणाच्या त्या भिंतीपासूनही लांबच.

आता उतार. मिस्त्रींचा आकडा बरोबर असेल, पण स्वतः मोजून घ्या. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा, तिच्यात पाणी भरा, एक टोक दाराशी आणि दुसरं खालच्या टोकाला काठीला बांधा. दोन्ही टोकांना पाण्याची उंची जमिनीपासून मोजा, त्यांच्यातला फरक म्हणजे उतार. दर दहा फुटांवरही मोजा, कारण एकूण पाच फूट असला तरी त्यातला तीन फूट एकाच ठिकाणी असू शकतो.

चाळीस फुटांत पाच फूट म्हणजे एकास आठ, आठ फूट पुढे गेलं की एक फूट खाली. माझा आपल्या मुरमावरचा अनुभव सांगते. एकास वीसपर्यंत ग्रिड मुकाट बसतं. एकास दहाच्या पुढे खालून भक्कम अडवण आणि आतून पाणी तोडणारे आडवे बांध लागतात. एकास पाचच्या पुढे कडक ग्रिडचा नाद सोडायचा. हाच एकास पाचचा आकडा टेकड्यांवरच्या बांधकामाच्या नियमातही आहे, त्याहून तीव्र उतारावर बांधायला परवानगी नसते. म्हणजे तुमचा उतार ग्रिडच्या आवाक्यात आहे. प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तुमच्या सासूबाईंचा आहे.

चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पला एकास बारापेक्षा जास्त उतार देत नाहीत. एकास आठवरून ७९ वर्षांच्या बाईंनी, ओल्या खडीवरून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात परडी घेऊन उतरायचं हे मला पटत नाही. पारिजातकाचा सडा पडतो तोही श्रावणापासून पुढे, म्हणजे नेमका वाट ओली असताना. त्यामुळे वाट एकसंध उतरती ठेवू नका. तिच्या लांब पायऱ्या करा.

तुमच्या मापाचा हिशोब असा बसतो. पाच फूट म्हणजे साठ इंच. त्यातले तीस इंच सहा पायऱ्यांनी उतरायचे, प्रत्येक पायरी पाच इंचांची. त्यामुळे चाळीस फुटांच्या वाटेचे सात टप्पे पडतात, प्रत्येक साधारण पावणेसहा फुटांचा. उरलेले तीस इंच या सात टप्प्यांत वाटले की प्रत्येक टप्प्याचा उतार एकास सोळाच्या आसपास येतो. त्यावर ग्रिड निवांत बसेल आणि सासूबाईंना प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन पावलं जवळपास सपाट मिळतील, थांबायला जागा मिळेल. सगळ्या पायऱ्यांची उंची तंतोतंत सारखी हवी. पाचाची पायरी मध्येच सहाची झाली की माणूस तिथेच अडखळतो. पायरीची कड फिकट दगडाची घ्या, पहाटेच्या उजेडात दिसायला. एका बाजूला हाताला धरवेल असा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा कठडा लावा, तीन फूट उंचीचा, शेवटच्या पायरीच्याही फूटभर पुढे जाणारा. पाय जमिनीवर टेकेपर्यंत हाताला आधार असला पाहिजे.

या पायऱ्या दुसरं कामही करतात, आणि माझ्या दृष्टीने तेच मोठं. प्रत्येक पायरीच्या कडेखाली फूटभर खोल चर खणून काँक्रीटची पट्टी ओता आणि तिच्यावर घडीव दगड बसवा. ही पट्टी खडीच्या थरातून वाहत येणारं पाणी अडवते. चाळीस फूट धावत सुटणारं पाणी पावणेसहा फुटांवर थांबतं, साचतं, मुरतं. पट्टीच्या वरच्या अंगाला, तळाशी, छिद्रं पाडलेला तीन इंची पाइप कापडात गुंडाळून आडवा ठेवा आणि त्याचं तोंड बाजूला, वाटेच्या खालच्या अंगाने, बाहेर काढा. न मुरलेलं पाणी तिथून निघून जाईल. धायरीला मी हेच केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी सगळं उकरून तिथे चार पट्ट्या घातल्या, तेव्हापासून वाट जागची हललेली नाही.

प्रत्येक टप्प्याचा थर असा. तळ खणून, पहारीने खरवडून खडबडीत करा. गुळगुळीत तळावर कापड घसरतं, ते मी पाहिलंय. त्यावर न विणलेलं, फेल्टसारखं जाड जिओटेक्स्टाइल. मुरूम खडीत चढू नये आणि पाणी खाली जावं, ही दोन्ही कामं त्याची. प्लास्टिकचा कागद किंवा शेडनेट त्याच्या जागी चालत नाही. कापडावर चार इंच जाड खडी, वीस ते चाळीस मिलिमीटरची, धुम्मस (ठोकून दाबायचं जड अवजार) मारून किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून बसवलेली. त्यावर दीड-दोन इंच बारीक खडी, सहा ते दहा मिलिमीटरची, फळीने सपाट ओढून घेतलेली. मग ग्रिड.

इथे मिस्त्रींवर बारीक लक्ष ठेवा. खडी घट्ट बसावी म्हणून ते न विचारता तिच्यावर कच, म्हणजे दगडाचा भुगा, टाकतात आणि पाणी मारतात. त्यांच्या रोजच्या कामात ते बरोबरही असतं. पण कच पोकळ्या भरून टाकते आणि पाणी मुरवणारा थर पाणी अडवणारा होतो. वाघोलीकडून खडी मागवताना 'कच नको, धुतलेली हवी' असं आधीच सांगा आणि गाडी रिकामी व्हायच्या आत मूठभर हातात घेऊन बघा. तळहात पांढराफटक झाला तर ती परत पाठवा, किंवा बसवायच्या आधी पाइपने धुऊन घ्या.

मालाचा अंदाज देते, म्हणजे कोटेशन तपासता येईल. खालच्या सहा इंचांच्या थरासाठी ८० घनफूट खडी लागते. दबून कमी होते, म्हणून एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, धरा. ग्रिडच्या घरांत भरायला पाव ब्रास. ग्रिडचे तुकडे अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचे असतील तर साठ लागतात, कापाकापीला पाच-सहा जास्त घ्या. कोणी तुम्हाला दोन ब्रास कच आणि मुरूम लिहून दिला तर ते काम वेगळ्याच पद्धतीचं आहे हे समजा.

ग्रिड बसवायला खालच्या टप्प्यापासून सुरुवात करा, म्हणजे प्रत्येक तुकडा खालच्या कडेवर टेकेल आणि सांध्यांवर ताण येणार नाही. पाण्याचं काम वरून, ग्रिडचं खालून. दुकानदार सोबत प्लास्टिकच्या खुंट्या देतो. मऊ मातीत त्या चालतात, आपल्या मुरमात वाकतात. त्याऐवजी बारा मिलिमीटरच्या सळईचे दीड फुटी आकडे वळवून घ्या, पहारीने आधी भोक पाडा आणि मग ठोका. तुमच्या पायऱ्यांच्या वाटेला प्रत्येक टप्प्याच्या वरच्या कडेला दोन आकडे पुरतील. आकडे फक्त ग्रिड हलू नये म्हणून. भार पायरीच्या कडेनेच पेलला पाहिजे.

प्लास्टिक उन्हाने वाढतं, हे बरेच जण विसरतात. एप्रिलच्या दुपारी काळं ग्रिड हाताला चटका देतं. थंड सकाळी कडेला टेकवून गच्च बसवलं तर दुपारी ताणून वर उचललं जातं. भिंत, दगड, कठड्याचे खांब, जिथे जिथे ग्रिड टेकतं तिथे बोटभर फट ठेवा. खडी भरली की ती झाकली जाते. रिकाम्या ग्रिडवरून घमेली घेऊन कामगारांना चालू देऊ नका, घरांच्या भिंती मोडतात. भरलेल्या भागावर उभं राहून पुढचा भाग भरत जायचं.

वरची खडी टोकदार, फोडलेली हवी. गोटे दिसायला सुंदर, पण ते एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली फिरतात. मापही बारीक घ्या, सहा ते दहा मिलिमीटरचं. मोठ्या खडीत काठी रुतते. ग्रिडच्या काठापेक्षा खडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर ठेवा. सासूबाईंच्या काठीचं रबरी बूच मोठ्या तळाचं आणा, जुनं झिजलेलं असेल तर आजच बदला.

आता वाकडीतिकडी जमीन. कातळ फोडू नका. फोडताना आजूबाजूचा मुरूम सैल होतो आणि तो कातळ कदाचित तिथली सगळी माती धरून बसलेला असतो. ग्रिड त्याच्यापर्यंत आणा, कडेच्या आकारात करवतीने कापा आणि कातळ वाटेच्या कडेला उघडा राहू द्या. पायऱ्यांची आखणी करतानाच पायरीची कड कातळावर येईल असं जमतंय का बघा, तिथला पाया फुकट मिळतो. कातळात पाणी मुरत नाही, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला पाइपाचं तोंड हवंच.

पारिजातकाजवळच्या खड्ड्यांत जड पहार उंचावरून सोडून बघा. जेमतेम बोटभर गेली तर मूळची जमीन आहे. वीतभर सहज शिरली तर प्लॉट पाडताना टाकलेला भराव असणार, आणि तो अजून खचतोय. तो मऊ भाग काढा आणि मुरूम तीन-चार इंचांच्या थरांनी भरा. दर थराला थोडं पाणी आणि धुम्मस. एका दमात टाकून वरून दाबला तर वरचाच थर बसतो. खड्ड्यावरून कडक ग्रिड तसंच ओढलं तर ते पुलासारखं लटकतं, चालताना पोकळ वाजतं आणि कधीतरी सांध्यात तुटतं. झाडाच्या खोडाभोवती तीन-चार फूट मात्र काही खणू नका. तिथली मुळं तुटली तर वाट होईल आणि झाड जाईल. तेवढ्यात नुसता पालापाचोळा पसरा. फुलं त्यावर पडली तर चिखलात माखत नाहीत.

भिंतीकडचा चढ. तुम्ही चांगलाच चढ म्हणता म्हणजे तो एकास तीन तरी असावा. तिथे पायवाटेचं कडक ग्रिड घसरणार. तीव्र उतारासाठी वेगळी वस्तू मिळते, जिओसेल. प्लास्टिकच्या पट्ट्या जोडून केलेली, भात्यासारखी ताणून उघडणारी. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर दलाने १९७०च्या दशकात वाळूवरून वाहनं नेण्यासाठी तिच्यावर काम सुरू केलं आणि पुढे ती रस्त्यांच्या उतारांवर आली. ती वरच्या कडेला लांब सळयांनी बांधून खाली सोडतात. पण तुमच्या ठिकाणी मी तीही लगेच सुचवणार नाही, कारण खाली भिंत आहे.

ती भिंत तुमची माती धरून उभी आहे. तिच्या मागे पाणी साचलं की मातीच्या भारात पाण्याचा दाब मिसळतो, आणि भिंती पडतात त्या बहुतेक याच दाबाने. तुम्ही चढावर पाणी मुरवणारं ग्रिड टाकून रोज हिरवळीला पाणी घालणार म्हणजे ते पाणी थेट भिंतीच्या पाठीला पोचवणार. आधी खालच्या बाजूने भिंत बघून या. पाणी बाहेर पडायची भोकं आहेत का, असली तर मातीने बुजलेली आहेत का? भिंतीला पोट आलंय का, आडवी भेग आहे का? पोट किंवा आडवी भेग असेल तर बाग बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, पावसाच्या आधी. पलीकडे शेजाऱ्यांची मुलं खेळत असतील.

भिंत ठणठणीत असेल तर चढावर वाळा लावा. जूनच्या पहिल्या सरींनंतर, उताराला आडव्या ओळींत, चार-सहा इंचांवर एकेक फुटवा. मधल्या उघड्या मातीवर काथ्याची जाळी खुंट्यांनी अंथरा. दोन-तीन वर्षांत ती कुजून जाते, तोवर वाळ्याने मूळ धरलेलं असतं. त्याची मुळं सरळ खाली जातात, खोलवर, आणि एकदा रुजला की त्याला रोजचं पाणी लागत नाही. हिरवळीचा हौसेचा तुकडा खालच्या सपाट भागात करा, ऊन असेल तिथे.

काँक्रीटबद्दल मिस्टरांना एवढंच सांगा, की त्याने वाट पक्की होईल, पण वरचं सगळं पाणी आणखी वेगाने शेजाऱ्यांच्या फाटकात जाईल आणि शेवाळ पुन्हा धरेल. त्यांचं पक्क्या वाटेचं म्हणणं पायऱ्यांच्या कडांमध्ये आलंच आहे.

ग्रिड विकत घेताना दुकानात एक तुकडा जमिनीवर ठेवून रिकाम्या घरांवर टाच देऊन उभ्या राहा. नंतर दोन तुकडे अडकवून सांध्यात वाकवा. पांढरी रेघ उमटली किंवा कट्ट आवाज आला तर तो माल नको. चालायच्या वाटेला चार सेंटिमीटर उंची पुरे.

काम मेच्या अखेरीस संपेल असं बघा. पुण्यात पाऊस दहा जूनच्या आसपास येतो आणि ओल्या मुरमावर धुम्मस मारून उपयोग नसतो. शेजाऱ्यांच्या फाटकाआधी, वाट संपते तिथे, आडवी जाळीची गटार घालून ती चरीच्या पाइपाला जोडा, आणि हे काम करतोय हे त्यांना आधी सांगा.

पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन खालच्या पाइपाच्या तोंडाशी जा. सुरुवातीला खडीची धूळ निघते, पाणी करडं दिसेल, ते चालतं. अर्ध्या तासाने ते स्वच्छ झालं पाहिजे. तांबडंच येत राहिलं तर कुठेतरी कापड फाटलंय किंवा सांध्यात उघडं राहिलंय आणि वाटेखालची माती जातेय. मग एकेका पायरीच्या पाइपाशी जाऊन बघा, कुठल्या टप्प्यापासून गढूळ सुरू होतं. तेवढाच टप्पा उघडायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. तो उघडेपर्यंत सासूबाईंची फुलं तुम्ही वेचून आणा.